ट्रेलरचं ऑनिंग: बटणाचं घ्यावं की हाताचं?

अमेरिकेत पहिला ट्रॅव्हल ट्रेलर किंवा मोटरहोम घेताना आपली मंडळी पलंग किती, शॉवर कसा, शेगडीवर कुकर नीट बसतो का, हे सगळं बारकाईनं बघतात. दाराच्या बाजूला छपराच्या कडेशी गुंडाळून ठेवलेलं कापड मात्र डीलरच्या आवारात सहसा कोणी उघडूनही पाहत नाही. मुक्कामाला पोचल्यावर दिवसाचे बहुतेक तास त्याच कापडाखाली जातात. सकाळचा चहा तिथे, मुलांचे पत्ते तिथे, भारतातून आलेल्या आई-बाबांची दुपारची डुलकी तिथे. ट्रेलर ही खोली धरली तर ऑनिंग ही तिची पडवी आहे.

डीलरला विचारलं तर तो दोन वाक्यांत उत्तर देतो: विजेवरचं सोयीचं, हाताचं स्वस्त. दोन्ही खरं आहे, पण एवढ्यावर निवड करू नका. माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच आहे. वारा अचानक उठला, तर हे कापड कोण आत घेणार, किती वेळात, आणि कशाच्या जोरावर? ऑनिंग उघडण्याची घाई कधीच नसते. घाई असते ती मिटण्याची. बाकीचे मुद्दे, म्हणजे किंमत, दिवे, फोनवरचं अ‍ॅप, यानंतर येतात.

आधी समोर काय आहे ते ओळखा

अमेरिकेतल्या ट्रेलरवर हाताचं जे ऑनिंग दिसतं ते बहुधा स्प्रिंगचं असतं. भिंतीला दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे दोन लांब आर्म, त्यांच्या टोकांवर आडवा रोलर, आणि रोलरच्या पोटात पिळलेली जाड स्प्रिंग. पट्टा धरून कापड बाहेर ओढलं की स्प्रिंग आणखी पिळली जाते, आणि मिटताना तीच कापड आत ओढून घेते. डोमेटिक कंपनीचं ए अँड ई मालिकेतलं आणि केअरफ्री ऑफ कोलोरॅडोचं अशी ऑनिंग जुन्या ट्रेलरवर हमखास सापडतात.

हाताचा दुसरा प्रकार हँडल फिरवून उघडायचा. हा चपट्या लांब पेटीत बंद असतो आणि जास्त करून कॅम्पर व्हॅनवर बसवतात. इटलीच्या फियामा आणि थुलेच्या ओम्निस्टोर मालिकेची नावं इथे सतत ऐकू येतील. यात स्प्रिंगशी झुंज नसते. हँडल फिरवाल तेवढंच कापड सरकतं, हात थांबला की तेही थांबतं. पुढच्या पट्टीतून दोन पाय निघतात, ते जमिनीवर टेकवायचे. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मोटरहोम भाड्यानं घेतलं तर त्यांच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

विजेवरच्या ऑनिंगमध्ये रोलरच्या एका टोकात १२ व्होल्टची मोटर बसवलेली असते. ट्रेलरवर सहसा लिपर्टचं सोलेरा, डोमेटिक किंवा केअरफ्री यांपैकी एक असतं. बाहेरून आर्म हाताच्या ऑनिंगसारखेच वाटतात, पण त्यात गॅसचे स्ट्रट (दाबाखालचा वायू भरलेले दांडे) किंवा स्प्रिंग असतात आणि ते कापड ताणून धरतात. मोठ्या मोटरहोमवर कोपरातून दुमडणारे आर्म असलेला आणखी एक प्रकार असतो. त्याला जमिनीवर पाय नसतात, भिंतीवर खाली उतरणारे खांबही नसतात. दिसायला सुरेख, पण सगळा भार वरच्या जोडांवर येत असल्यानं वाऱ्यात फार जपावं लागतं.

वारा: खरी परीक्षा इथे

पावसासाठी ऑनिंग मिटायचं असतं एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण वादळी पावसात वारा बहुतेक वेळा पावसाच्या आधी येतो. कोलोरॅडोत रॉकी पर्वतात उन्हाळ्याच्या दुपारी ढग दाटतात, आणि पहिला थेंब पडायच्या आत थंड वाऱ्याचा झोत खाली उतरून सपाटून येतो. अ‍ॅरिझोनात हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ मानतं. मान्सून म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतली दिवसरात्रीची रिपरिप येते, पण तिकडचा अनुभव निराळा आहे. दुपारपर्यंत लख्ख ऊन असतं, मग क्षितिजावर धुळीची भिंत उभी राहते, आणि पाऊस पडेलच असंही नाही. पावसाची वाट पाहत बसलेल्याचं ऑनिंग तोवर छपरावर उलटलेलं असतं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मैलांचा वारा २० मैलांवर गेला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून ‘आत्ता तर नुसती झुळूक आहे’ या समजुतीवर बाहेर फिरायला जाऊ नये. अंदाजासाठी बोफर्ट मापनातल्या खुणा उपयोगी पडतात. पानं आणि बारीक काटक्या सतत हलत असतील तर वारा ताशी ८ ते १२ मैल आहे. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या की १३ ते १८. पानांनी भरलेली लहान झाडं बुंध्यासकट डोलायला लागली की १९ ते २४. नवीन माणसानं दुसऱ्या खुणेलाच ऑनिंग आत घ्यावं. तिसऱ्या खुणेपर्यंत थांबलात तर कापडाला शीड भरल्यासारखा फुगा येतो आणि मिटण्याचं काम अवघड होऊन बसतं.

आता दोन्ही प्रकार या कसोटीवर लावून बघा. विजेवरचं ऑनिंग एका माणसाच्या एका बोटानं साधारण मिनिटभरात आत जातं. रात्री दोनला वारा उठला, बाहेर कुट्ट अंधार, मुलं झोपलेली, तरी दाराशी उभं राहून काम होतं. स्प्रिंगच्या ऑनिंगला सराव झालेल्या माणसालाही काही मिनिटं लागतात, आणि वाऱ्यात पट्टा धरून ठेवायला दुसरं माणूस असेल तर बरं. वेगाच्या बाबतीत वीज सरळ जिंकते.

पण भक्कमपणाच्या बाबतीत पारडं फिरतं. स्प्रिंगच्या ऑनिंगचे आर्म खालच्या ब्रॅकेटमधून सोडवून सरळ जमिनीत मेखा ठोकून उभे करता येतात. मग ते खऱ्या अर्थानं खांब होतात. पेटीच्या ऑनिंगचे पायही जमिनीला खिळवता येतात. विजेवरच्या बहुतेक ऑनिंगचे आर्म भिंतीलाच जखडलेले राहतात. झुळुकीच्या वाऱ्यात तासन्‌तास उघडं ठेवायचं असेल तर जमिनीवर उभं असलेलं हाताचं ऑनिंग कमी फडफडतं, कमी कुरकुरतं. थोडक्यात, हाताचं जास्त सोसतं आणि विजेचं लवकर पळ काढतं.

विजेच्या काही मॉडेलांत वाऱ्याचा सेन्सर असतो. रोलर ठरावीक मर्यादेपलीकडे हलू लागला की तो ऑनिंग आपोआप आत घेतो. हा सेन्सर जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर ऑनिंग उघडं टाकून ट्रेकला जाऊ नये. बॅटरी बसली असेल तर सेन्सरही बसलेला असतो, आणि पहिलाच झोत जबर असला तर मोटरला वेळच मिळत नाही. शिवाय सेन्सर चालू असताना ऑनिंगला जमिनीवरून दोरखंडानं बांधू नका. मोटर आत ओढणार, दोर बाहेर ओढणार, आणि मधल्या मध्ये आर्म वाकणार. हाताचं असो वा विजेचं, ट्रेलर सोडून जाताना आणि रात्री झोपताना ऑनिंग आत घेणं हा एकच नियम दोघांनाही लागू आहे. वाऱ्यानं किंवा साचलेल्या पाण्यानं झालेलं नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. विम्यात ते कितपत बसतं, हे पॉलिसी घेतानाच स्पष्ट विचारून घ्या.

पाण्याचं वजन

१६ फूट लांब आणि ८ फूट बाहेर येणारं ऑनिंग म्हणजे १२८ चौरस फूट कापड. त्यावर एक इंच पाऊस पडला तर जवळजवळ ३०० लिटर, म्हणजेच ३०० किलो पाणी होतं. सगळं पाणी साचून राहत नाही, पण कापड जरा सैल असलं की मधे खळगा पडतो. खळग्यात पाणी जमतं, त्या वजनानं खळगा वाढतो, आणि आणखी पाणी जमतं. यातून रोलर वाकल्याची उदाहरणं कॅम्पग्राउंडवर भरपूर ऐकायला मिळतील.

उपाय सोपा आहे: एक कोपरा खाली ठेवायचा. हाताच्या ऑनिंगमध्ये एका आर्मची उंची कमी करायची, तीही चांगली हातभर, नुसती दोन बोटं नव्हे. विजेच्या काही मॉडेलांत आर्मचा उतार हातानं बदलता येतो. काहींत पाण्याचं वजन पडलं की आर्म स्वतःच झुकून पाणी ओततो आणि परत वर येतो. दुकानात विचारायचा हा महत्त्वाचा प्रश्न आहे. उतार अजिबात बदलत नसेल तर ते ऑनिंग उन्हापुरतं आहे असं समजा. साचलेलं पाणी खालून हातानं वर ढकलून सांडायचा मोह होतो. त्याऐवजी एक आर्म हळू खाली घ्या, पाणी आपली वाट काढतं.

बॅटरीची भीती किती धरावी?

‘विजेचं ऑनिंग बॅटरी खातं’ असं सांगणारे भेटतील. हिशेब करून पाहा. मोटर १० अँपिअर घेते असं धरलं आणि ती एक मिनिट चालली, तर खर्च होतो अँपिअर-तासाचा सहावा हिस्सा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीपुढे तो किरकोळ आहे. फ्रिज, हीटरचा पंखा, पाण्याचा पंप यांचा खर्च कितीतरी जास्त. ऑनिंगखालची एलईडी पट्टी रात्रभर विसरून राहिली तर तीसुद्धा मोटरपेक्षा जास्त वीज घेईल.

अडचण खर्चाची नाही, दुसरीच आहे. इतर कशानंही बॅटरी उतरली, तरी अडकतं ऑनिंगच. आणि ते उघडं अडकलं तर ट्रेलर जागचा हलवता येत नाही. विजेचा खांब असलेल्या कॅम्पग्राउंडवर हा धोका फार कमी, कारण तिथे ट्रेलरमधला कन्व्हर्टर १२ व्होल्टचा पुरवठा करत असतो. युटा, नेवाडा, अ‍ॅरिझोनात बीएलएम या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या मोकळ्या जमिनीवर मात्र सामान्यतः १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो, आणि तिथे ना वीज, ना नळ. अशा ठिकाणी राहायचं असेल तर सोलर पॅनेल आणि बॅटरीचा मीटर आधी, विजेचं ऑनिंग नंतर.

स्प्रिंगचं ऑनिंग उघडायचं आणि मिटायचं कसं

हे काम कठीण नाही, पण क्रम चुकवू नये. म्हणून सविस्तर देतो. पहिल्यांदा वारा नसलेल्या सकाळी, घराच्या ड्राइव्हवेवरच करून बघा.

१. दोन्ही आर्मच्या मागच्या बाजूच्या गोल मुठी सैल करा. आर्म प्रवासात सुटू नयेत म्हणून लावलेले लॉक दोन्हीकडून उघडा. प्रवासासाठी वेगळे पट्टे बांधले असतील तर तेही सोडा. एखादा विसरला तर आर्म वाकतो.

२. ऑनिंगबरोबर हुकाची लांब काठी मिळते. तिनं रोलरच्या एका टोकाची छोटी खिटी ‘उघडा’च्या बाजूला करा. यानं रॅचेट, म्हणजे रोलरला एकाच दिशेनं फिरू देणारी अडक, सुटतो.

३. त्याच काठीनं कापडाचा पट्टा पकडा आणि मागे सरकत सरळ, संथ ओढा. पट्टा मधोमध असू द्या. तिरकं ओढलं तर कापड एका बाजूला सरकून सुरकुततं.

४. कापड पूर्ण बाहेर आल्यावर आर्मच्या आतला आडवा दांडा रोलरपर्यंत वर सरकवून जागेवर बसवा, आणि कापड ताणलं जाईल असा मुठीनं घट्ट करा.

५. मग आर्मचं हँडल दाबून उंची वाढवा. एक बाजू थोडी, मग दुसरी थोडी. एकच बाजू पूर्ण वर नेली की रोलरला पीळ बसतो.

मिटताना हेच उलट: आर्म खाली, मुठी सैल, दांडे मागे. पण खिटी ‘बंद’च्या बाजूला करण्याआधी पट्टा हुकात पक्का धरलेला हवा. खिटी फिरली की स्प्रिंग सगळा जोर लावून कापड ओढते. पट्टा हातात असेल तर रोलर सावकाश आत जातो, सुटला तर धाडकन भिंतीवर आदळतो. मुलांना या वेळी आर्मपासून लांब उभं करा. आत गेल्यावर दोन्ही लॉक, दोन्ही मुठी घट्ट, आणि लांबचा प्रवास असेल तर आर्मभोवती वेल्क्रोचे पट्टे.

आणखी एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. रोलरच्या टोकाचं झाकण घरी उघडू नका. आतली स्प्रिंग कापड मिटलेलं असतानाही पिळलेलीच असते. ती बेसावध सुटली तर मनगट मोडू शकतं, बोटं चिरडू शकतात. कापड बदलण्याचे व्हिडिओ पाहून अनेकांना हुरूप येतो. स्प्रिंग बांधून ठेवण्याची रीत माहीत असलेल्या कारागिराच्या हातूनच हे करून घ्या. विजेच्या ऑनिंगच्या आर्ममधल्या गॅस स्ट्रटलाही हाच नियम.

विजेचं ऑनिंग: बटण दाबण्याआधी आणि बटण बंद पडल्यावर

आधी बाहेर उतरून वर बघा. झाडाची फांदी, शेजारचा दिव्याचा खांब, उघडं राहिलेलं दार. बटण आत बसून दाबता येतं, काहींत फोनवरूनही, पण ऑनिंग डोळ्यांसमोर नसताना ते चालवू नये. खाली कोणाचा हात आर्मवर असेल तर कळणारही नाही.

बटण दाबून धरलं की रोलर बाहेर जाऊ लागतो. कापड रोलरच्या वरच्या अंगानं सुटतं आहे ना, हे पाहत राहा. पूर्ण सुटल्यावर लगेच बोट उचला. बऱ्याच मॉडेलांत मोटर आपणहून थांबत नाही. बटण तसंच दाबून ठेवलं तर रोलर फिरतच राहतो आणि कापड खालच्या अंगानं उलटं गुंडाळायला लागतं. तसं झालं तर घाबरून जाऊ नका. दुसरं बटण दाबून, कापड पुन्हा पूर्ण सुटून वरच्या अंगावर येईपर्यंत मागे घ्या. शेवटी कापड तणावात राहील इतपतच उघडा. उतार दिल्यावर ट्रेलरचं दार कापडाला घासत नाही ना, हेही तपासा. दाराच्या वरच्या कोपऱ्यावर लावायचं छोटं चाक मिळतं, त्यानं कापड फाटायचं वाचतं.

बटण दाबलं आणि काहीच घडलं नाही, तर मोटरला दोष द्यायच्या आधी क्रमानं जा. बॅटरीचा मुख्य स्विच बंद तर नाही? स्टोरेजमधून काढलेल्या ट्रेलरमध्ये तो हमखास बंद असतो. आतले दिवे मंद आहेत का? तसे असतील तर बॅटरी उतरली आहे. ओढणाऱ्या गाडीची बॅटरीही १२ व्होल्टचीच असल्यानं जंपर केबलनं ट्रेलरच्या बॅटरीला जोर देऊन ऑनिंग आत घेता येतं. मग फ्यूज बघा. ऑनिंगचा फ्यूज कोणता हे पॅनेलच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मोटरहोम असेल तर इंजिनाची किल्ली चालूवर नाही ना हेही पाहा, कारण अनेक गाड्यांत किल्ली चालू असताना ऑनिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

हे सगळं ठीक असूनही मोटर ढिम्म असेल तर शेवटचा आधार म्हणजे हातानं मिटण्याची सोय, जिला मॅन्युअल ओव्हरराइड म्हणतात. ही सोय असलेल्या मॉडेलांमध्ये मोटरच्या डोक्यावर रबरी बूच असतं. ते काढून आत ड्रिलचं टोक बसवायचं आणि सावकाश फिरवत कापड आत घ्यायचं. सगळ्या मॉडेलांत ही सोय नसते. माझं मत ठाम आहे: ओव्हरराइड नसलेलं विजेचं ऑनिंग नव्या ट्रेलरवर स्वीकारू नये. त्यापेक्षा हाताचं बरं.

कापड, लांबी आणि दिशा

कापडाचे दोन प्रकार. व्हिनाइल जलरोधक आणि पुसायला सोपं असतं, पण वर्षानुवर्षांच्या उन्हात कडक होऊन भेगाळतं, आणि ओलं गुंडाळून ठेवलं तर त्यावरच्या मळात बुरशी धरते. अ‍ॅक्रिलिक विणलेलं असतं, हवा खेळते, लवकर वाळतं, रंग टिकतो. जोराच्या पावसात मात्र खालून बोट लावलं तिथून ठिबकू शकतं. फ्लोरिडासारख्या दमट, पावसाळी भागात मी व्हिनाइल घेईन, नैऋत्येच्या वाळवंटी उन्हात अ‍ॅक्रिलिक. कोणतंही असो, ओलं मिटावं लागलं तर घरी पोचल्यावर पहिल्या कोरड्या दिवशी उघडून वाळवा. धुवायला सौम्य साबण पुरतो. बार्बेक्यूची शेगडी ऑनिंगखाली नको, ठिणगी आणि धग दोन्ही कापडाला नडतात.

लांबी एका आर्मच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजतात. कापड त्याहून काही इंच कमी असतं. नुसतं कापड मागवताना याच फरकानं लोक फसतात.

अमेरिकेत दार आणि ऑनिंग उजव्या बाजूला असतं. म्हणून कॅम्पसाइटचं बुकिंग करताना नकाशावर दिशा बघा. उजवी बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला येत असेल तर दुपारनंतर ट्रेलरची स्वतःचीच सावली मिळते. ती पश्चिमेला आली तर संध्याकाळचं ऊन कापडाच्या खालून थेट तोंडावर येतं. मग कितीही महागडं ऑनिंग घेतलेलं असलं तरी उपयोग नाही. समोरून लावायचा जाळीचा पडदा मिळतो, तो अशा वेळी कामी येतो.

मग कोणी काय घ्यावं?

कुटुंब, ट्रॅव्हल ट्रेलर, आणि बहुतेक मुक्काम विजेची सोय असलेल्या स्टेट पार्कमध्ये: विजेचं घ्या, ओव्हरराइडची खात्री करून. आई-बाबा मुलांना घेऊन ट्रेलरपाशी थांबणार आणि तुम्ही दोघं फिरायला जाणार असाल तर विजेचंच, कारण सत्तरीतल्या माणसाला स्प्रिंगचा पट्टा पेलायला लावणं धोक्याचं आहे. खांद्याचं, कमरेचं दुखणं असणाऱ्यालाही हेच. निघण्याआधी आई-बाबांकडून बटण दोनदा दाबून घ्या.

कॅम्पर व्हॅन असेल तर हँडलचं पेटीतलं ऑनिंग. ते आटोपशीर असतं, बिघडायला त्यात फारसं काही नसतं, आणि एक माणूस आरामात हाताळतो. आठवडेच्या आठवडे वाळवंटात किंवा टेक्सासच्या किनाऱ्यावर पाड्रे आयलंडसारख्या वाऱ्याच्या जागी राहणाऱ्या धडधाकट जोडप्यानं हाताचं घ्यावं, पाय जमिनीत रोवता येणारं.

जुना ट्रेलर घेतला आणि त्यावर स्प्रिंगचं ऑनिंग सुस्थितीत असेल तर ते लगेच उतरवू नका. हाताचं विजेचं करून देणारे संच लिपर्टसारख्या कंपन्या विकतात, पण त्यासाठी रोलरपर्यंत नवी वायर ओढावी लागते, भिंतीला नवी भोकं पडतात, आणि ती नीट बुजवली नाहीत तर पाणी भिंतीत शिरतं. एक हंगाम आहे तेच वापरा. तोपर्यंत तुमचे मुक्काम कुठे होतात, तुमच्यात वाऱ्याकडे लक्ष कोणाचं असतं, हे कळलेलं असेल. एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरवरचं झिप डी ऑनिंग मिळालं तर ते मुद्दाम राखा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या आवरणात कापड बंद राहत असल्यानं ते चांगलं टिकतं.

ताबा घेण्याच्या दिवशी

डीलर ट्रेलर दाखवताना घाईत असतो. त्याला थांबवून ऑनिंग पूर्ण उघडायला लावा, अर्धं नको. कापडाची भिंतीजवळची कड आणि रोलरजवळची शिवण बघा, झिजणं तिथून सुरू होतं. दूर उभं राहून रोलर सरळ आहे का, मधे झोळ नाही ना, हे डोळ्यानं मापा. आर्मची ब्रॅकेट जिथे भिंतीला बसली आहेत तिथे हात दाबून पाहा. भिंत मऊ लागली किंवा फुगलेली दिसली तर आत पाणी गेलं आहे, आणि जुना ट्रेलर असेल तर या एका कारणावरून सौदा सोडायला हरकत नाही. विजेचं असेल तर ते चालताना कान द्या: आवाज एकसारखा हवा, मधेच अडखळणारा नको. हाताचं असेल तर उघडणं आणि मिटणं स्वतः करून दाखवतो म्हणा, आणि डीलरच्या माणसाला नुसतं बाजूला उभं राहू द्या.

शेवटी ओव्हरराइडचं बूच कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा आणि फोनवर त्याचा फोटो काढा. त्याला लागणारं ड्रिलचं टोक, चार्ज केलेलं ड्रिल, योग्य अँपिअरचे दोन फ्यूज, जंपर केबल आणि रॅचेटचे दोन पट्टे एका पिशवीत घालून दाराजवळच्या कप्प्यात ठेवा. हाताचं ऑनिंग असेल तर त्याच कप्प्यात हुकाची काठी. तिच्यासारखी दुसरी काठी दुकानात सहज मिळते, ती गाडीच्या डिकीत असू द्या.